गोष्ट तिची, ब्लॉग माझा, लिंक संस्थेची

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. मोठं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

"ताई, मी एका छोट्या संस्थेत काम करते. घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांना राहायला जागा, वकील, समुपदेशन असं आमचं काम. तीन वर्षं झाली, मी स्वतःच्या नावानं ब्लॉग लिहिते, सामाजिक कामाबद्दल, संस्थांबद्दल, कधी नुसताच वैताग. वाचणारे मोजके होते. मग आमच्याकडे आलेल्या एका ताईंची गोष्ट लिहिली, नाव बदलून, आणि ती पोस्ट एवढी फिरली की एरवी वर्षभरात येत नाहीत तेवढ्या देणग्या आठवड्याभरात आल्या. नंतर कळलं की त्या ताईंच्या ओळखीतल्या कोणीतरी ती वाचून त्यांना ओळखलं. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की विचारलं असतंत तर मुलाचं तेवढं लिहू नका म्हटलं असतं. तेव्हापासून माझ्याच्यानं एक ओळ लिहवत नाही. आणि आमच्या डायरेक्टर मॅडमना आता दर आठवड्याला अशी एक स्टोरी हवीय, खाली देणगीची लिंक टाकून, म्हणतात तुझा ब्लॉग म्हणजे आपलाच ब्लॉग. दुसरीकडे मला आतलं सगळं दिसतं. रिपोर्टमध्ये '६०० महिलांपर्यंत पोहोचलो' असं जातं, खरं म्हणजे दोनशेच्या आसपास, एकच बाई तीन मीटिंगना आली की तीन धरायच्या. हे लिहिलं तर संस्था बदनाम, नाही लिहिलं तर मी खोटी. नवरा म्हणतो बंदच कर, कशाला डोक्याला ताप. बंद करू? टोपणनावानं लिहू? की ब्लॉग संस्थेलाच देऊन टाकू?"

तुला अगं-तुगंच करते, चालेल ना. तू तीन प्रश्न विचारलेस आणि तिन्ही ब्लॉगचं काय करायचं याचे आहेत. त्या ताईंचं काय, हा चौथा प्रश्न पत्रात कुठेच नाही. तो तुझ्या डोक्यात आहे हे कळतं मला, त्याशिवाय लिहिणं असं अडलं नसतं, पण कागदावर तो आला नाही आणि गाठ तिथंच बसलीय असं वाटतं. म्हणून मी उलट्या बाजूनं सुरू करते.

"नाव बदललं होतं" हे मूळ पत्रात तू दोनदा लिहिलंयस. नाव बदलणं हे अनोळखी माणसांसाठी असतं गं. अनोळखी माणसापासून त्या बाईला धोका आहेच कुठे? धोका आहे तो जिला किंवा ज्याला तिचं सगळं आधीपासून माहितीय त्या माणसापासून, आणि त्याला नाव लागतच नाही. मुलं किती, घर कुठल्या महिन्यात सोडलं, धाकट्याचं दुखणं काय, ती काम कसलं करते, यातले दोन तपशील शेजारी-शेजारी आले की झालं. आणि लिहिणारीला नेमके हेच तपशील आवडतात, कारण गोष्ट त्यांनीच जिवंत होते, मी पण लिहिते म्हणून सांगतेय. मारणाऱ्या घरातून निघालेल्या बाईला कोणीतरी शोधत असतं, आणि तो शोधणारा तुझा वाचक असू शकतो असं धरूनच तुझ्या कामात लिहावं लागतं.

त्यामुळे या आठवड्यात ब्लॉगचा निर्णय राहू दे बाजूला. त्या ताईंना जाऊन भेट. मेसेज करू नकोस, फोन कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना सरळ विचार की पोस्ट काढू, का मुलाचा भाग काढू, का आहे तशी राहू दे. माफी माग पण लांबवू नकोस, नाहीतर होतं काय की आपण रडायला लागतो आणि समोरची बाई आपलीच समजूत काढत बसते. पोस्ट काढली तरी स्क्रीनशॉट फिरत राहतील, लोकांनी कॉपी करून टाकलेलं राहील, हेही त्यांना खरं सांग. आणि कोणीतरी त्यांना ओळखलंय ही गोष्ट संस्थेत ज्यांच्याकडे बायकांच्या सुरक्षिततेचं काम आहे त्यांच्या कानावर अजून घातली नसशील तर आधी ती घाल, कारण कदाचित राहायची जागा, मुलाची शाळा, येण्याजाण्याची वेळ यात काही बदलावं लागेल.

मॅडम म्हणतील, आपल्याकडे फॉर्मवर सही आहे की. असेलही. पण ती सही कधी झालीय ते बघ. पहिल्या दिवशी, जेव्हा रात्री डोक्यावर छप्पर हवं होतं तेव्हा. त्या दिवशी समोर जो कागद येईल त्यावर माणूस सही करतो. त्या सहीनं संस्था कागदोपत्री सुटेल, तुझं आणि त्या बाईंचं नातं काही सुटत नाही.

परवानगी म्हणजे काय हे अवघड करून सांगायची गरजच नाही, तुझ्याच पत्राचं बघ ना. हे छापायच्या आधी मी तुला मसुदा पाठवला, तू दोन गोष्टी काढायला सांगितल्यास, त्यातली एक मला फार आवडली होती, जरा जीवावर आलं पण काढली. तेवढंच करायचं असतं. लिहिण्याआधी विचारायचं, लिहून झालं की वाचून दाखवायचं (वाचायला देऊ नको फक्त, वाचून दाखव, त्यांचा चेहरा कुठे बदलतो ते कळतं), आणि महिन्याभरानं परत विचारायचं की अजून चालतंय ना. आणि त्या नाही म्हणाल्या तर त्यांच्या केसमध्ये, त्यांच्या जागेत, वकिलाच्या तारखेत तसूभरही फरक पडणार नाही हे त्यांना आधी पटलं पाहिजे. ते पटत नसेल तोवर त्यांचा होकार होकार नाही.

माझी एक चूक सांगते. फार वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या वार्षिक अहवालासाठी एका मुलीची केस स्टडी लिहिली होती, शाळा सुटलेली, परत शाळेत आलेली. चांगली लिहिली होती, सगळ्यांनी कौतुक केलं. बऱ्याच वर्षांनी ती मुलगी भेटली, तिनं तो अहवाल कुठूनतरी मिळवून वाचला होता. म्हणाली, छान आहे, पण त्यात मी सारखी रडतेच आहे, मी एवढी रडायचे का हो? ती रडायची नाही. ती प्रचंड भांडकुदळ होती, आणि भांडूनच शाळेत परत आली होती. मी ते लिहिलं नाही कारण भांडणाऱ्या मुलीला कोण पैसे देणार असं मला तेव्हा वाटलं.

आता मॅडमकडे येऊ. त्यांना खलनायिका करू नकोस. दर आठवड्याला एक गोष्ट हवी असं त्या का म्हणतात यामागे कारण आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना एक सर्वे भरल्याचे ५ डॉलर दिले आणि विचारलं, यातले किती दान करता? काहींना रोकिया नावाच्या एका सात वर्षांच्या मुलीची माहिती दिली, काहींना लाखो उपाशी लोकांचे आकडे दिले. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर निघाले, आकड्यांसाठी १.१४. आणि मुलगी आणि आकडे दोन्ही एकत्र दिले तेव्हा रक्कम वाढायच्या ऐवजी १.४३ वर आली! म्हणजे मुलीच्या शेजारी नुसते आकडे ठेवले तरी हात आखडतो. संस्था चालवणाऱ्यांना हा प्रयोग माहीत नसला तरी अनुभवानं हे पाठ असतं, पगाराची तारीख जवळ आली की जास्तच.

पण यातून कळतं ते एवढंच की खिशात हात कशानं जातो. प्रश्न काय आहे ते त्यातून समजतं असं नाही, बऱ्याचदा झाकलंच जातं. तुझ्या त्या पोस्टखालच्या कमेंट परत वाच. सलाम या माऊलीला, डोळ्यांत पाणी आलं, किती धीराची बाई. त्यांना कोणी घर भाड्यानं का देत नव्हतं, असं किती जणांनी विचारलं? पहिल्यांदा तक्रार द्यायला गेल्या तेव्हा काय झालं? तू ते लिहिलं होतंस पत्रात, पोस्टमध्ये नव्हतं.

२०१२ च्या मार्चमध्ये 'कोनी २०१२' नावाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ आला होता, आठवतो? युगांडातल्या लहान मुलांना पळवून सैनिक करणाऱ्या जोसेफ कोनीला पकडा म्हणून. आठवड्याच्या आत १० कोटी वेळा पाहिला गेला. रोझबेल कागुमिरे ही युगांडाचीच पत्रकार आणि ब्लॉगर, तिनं त्याच दिवसांत कॅमेऱ्यासमोर बसून साधा व्हिडिओ केला. तिचं म्हणणं असं की हे काही वर्षांपूर्वीचं चित्र आहे, इथले लोक स्वतः काय करतायत ते यात नाही, आणि मला जर तुम्ही बिनआवाजाची, हताश दाखवणार असाल तर माझी गोष्ट सांगायचा तुम्हाला हक्क नाही. कोनीची टोळी तोवर उत्तर युगांडातून केव्हाच बाहेर गेली होती. रोझबेलकडे त्या व्हिडिओसारखं बजेट नव्हतं, ती तिथली होती एवढंच.

मला हे उदाहरण तुझ्यासाठी का महत्त्वाचं वाटतं सांगू? तू ब्लॉगकडे दोनच प्रकारे बघतेयस, एकतर संस्थेची जाहिरात नाहीतर संस्थेचा भंडाफोड. जवळून बघणाऱ्या बाईनं "असं नसतं, असं असतं" म्हणून सांगणं ही तिसरी गोष्ट आहे आणि ती तू पहिली अडीच वर्षं करतच होतीस, वाचणारे मोजके होते म्हणून तुला ती लिखाणात धरावीशी वाटत नाही. बाई मारणाऱ्या घरात चार-चार वेळा परत का जाते. कोर्टाच्या तारखेच्या आदल्या रात्री निवाऱ्यात काय वातावरण असतं. समुपदेशकाचा पगार फंडर, म्हणजे संस्थेला पैसे देणारा, "प्रशासकीय खर्च" म्हणून का कापतो, जेव्हा संस्थेचं कामच मुळी समुपदेशन आहे! यावर तर लिहिच, हवं तर संदर्भ देते, अमेरिकेत संस्थांची माहिती देणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनी, गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स, २०१३ मध्ये देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं की नुसत्या प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका. बेथ कँटर या बाई २००३ पासून संस्थांनी इंटरनेट कसं वापरावं यावर ब्लॉग लिहीत आल्यात, विषय कोणाच्या डोळ्यांतलं पाणी नाही, कामाची रीत, आणि वाचणारे मिळालेच.

हो, यानं पोस्ट व्हायरल होणार नाहीत. ते मान्य करूनच लिहायचं.

आता सहाशे आणि दोनशे. लिहिलं तर बदनामी, नाही लिहिलं तर मी खोटी, असं तू म्हणतेस. मला हे पटत नाही. मधे बरंच काही आहे. आधी हे शोध की मोजणी अशी का होते. कितीतरी वेळा फंडरच्या रिपोर्टच्या फॉर्मॅटमध्ये एकच रकाना असतो, मीटिंगची हजेरी मांडायला दुसरी जागाच नसते, मग हजेरीपत्रकावरच्या सह्या मोजून तो आकडा तिथं टाकला जातो आणि पुढच्या वर्षी तोच आकडा "महिला" होतो. कधी हे आळसातून होतं, कधी भीतीतून, कधी लबाडीतून, आणि तिन्हीला एकच औषध नाही. तू मॅडमना ईमेल कर, तोंडी नको. पुढच्या रिपोर्टमध्ये '६०० उपस्थिती, सुमारे २०० महिला' असं लिहूया का, एक बाई सरासरी तीनदा येते हे उलट चांगलंच दिसतं, विश्वास बसल्याशिवाय कोण परत येतं. आरोप न करता दुरुस्ती सुचवायची. मान्य झालं तर विषय तिथं संपला. नाही झालं तर ट्रस्टी आहेत, मग फंडर आहे. ब्लॉग या रांगेत सगळ्यात शेवटी.

आणि संस्था स्वतःहून आपलं चुकलेलं सांगते तेव्हा आभाळ कोसळत नाही. इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स कॅनडा ही संस्था २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचे अहवाल छापायला लागली, सक्सेस स्टोरीचे नाही, फसलेल्याचे. मॅडमना हे सांगून बघ, हसतील कदाचित, पण कानावर पडू दे.

एक मात्र वेगळं सांगते, हे इतर वाचणाऱ्यांसाठीही. आकड्यांचा फुगवटा वेगळा आणि पैसे खाणं किंवा निवाऱ्यातल्या बायकांशी कोणी गैरवागणं वेगळं. तसं काही दिसलं तर ब्लॉगवर आधी अजिबात लिहू नका. कागद जपा, तारखा लिहून ठेवा, वकिलाला भेटा, जिथं तक्रार करायची तिथं करा. आधी पोस्ट टाकली की समोरचे सावध होतात, कागद गायब होतात आणि भोगावं लागतं निवाऱ्यातल्या बायकांनाच.

टोपणनावाचं काय? मी त्याच्या विरोधात नाही. २००९ मध्ये अकरा वर्षांच्या मलाला युसुफझाईनं बीबीसी उर्दूसाठी स्वातमधल्या दिवसांबद्दल 'गुल मकई' या नावानं लिहिलं, तिथं जिवाचा प्रश्न होता. पण ते नावही त्याच वर्षी उघड झालं. टोपणनाव टिकेलच असं धरून चालता येत नाही, आणि तुमच्या ऑफिसात आहेत किती जण, तुझी लिहायची ढब तर पहिल्या परिच्छेदातच कळेल. तिकडे अमेरिकेत हेदर आर्मस्ट्राँग या ब्लॉगरची नोकरी २००२ मध्ये गेली होती, ऑफिसातल्या लोकांबद्दल आपल्या साइटवर लिहिलं म्हणून, आणि तिच्या 'डूस' या साइटच्या नावावरून असं नोकरी जाण्याला इंग्रजीत शब्दच तयार झाला. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. टोपणनाव तुला झाकतं. गोष्टीतल्या बाईला ते झाकत नाही. उलट आपण सुरक्षित आहोत म्हटल्यावर आपला हात सैल सुटतो, आणि तुझ्या बाबतीत नेमकं तेच नकोय.

संस्थेला देऊन टाकू का, यावर माझं उत्तर नाही असं आहे, आणि इथं मी जरा चिडून बोलणार आहे. रात्री अकराला घरातलं सगळं आवरून तू जे लिहितेस ते "आपलंच" कसं झालं? संस्थांमध्ये हे फार बघितलंय मी, लिहायची आवड असलेली बाई दिसली की तिच्या गळ्यात न्यूजलेटर, फेसबुक पेज, आभाराची पत्रं सगळं पडतं, पगारात एक पैसा न वाढता, वर परत "तुला आवडतंच ना". संस्थेला गोष्टी हव्या असतील तर ते काम आहे. कामाच्या वेळात, संस्थेच्या वेबसाइटवर, संस्थेच्या जबाबदारीवर, आणि ज्या बाईची गोष्ट आहे तिला तीन वेळा विचारून. तू ते नोकरी म्हणून करायला तयार असलीस तर पगाराचं बोल. नसलीस तर नाही म्हण.

आणि ब्लॉग स्वतःचा ठेवायचा तर मॅडमशी साधं एक पानभर लिखित ठरवून घे. ब्लॉग माझा, मतं माझी, संस्थेचं नाव येणार नाही, देणगीची लिंक येणार नाही, निवाऱ्यातल्या कोणाचीही केस येणार नाही, अगदी तुकडे जोडून बनवलेली काल्पनिकसुद्धा नाही, कारण तुमच्याकडे येणाऱ्या बायका इतक्या थोड्या आहेत की तुकडेही ओळखू येतील. यात तुझंही नुकसान आहे, सगळ्यात चांगलं मटेरियल हातचं जातंय. जाऊ दे.

कमेंटबद्दल तू काही लिहिलं नाहीस पण या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकीला हे होतं म्हणून सांगते, वाचणाऱ्यांमधली एखादी बाई कमेंटमध्येच आपलं सगळं लिहून टाकते, रात्री दोन वाजता, नावासकट. त्यामुळे कमेंट तपासून मगच दिसतील अशी सेटिंग ठेव, तसली कमेंट प्रसिद्ध करू नकोस, आणि मदत कुठे मिळते याचा मजकूर प्रत्येक पानावर कायमचा ठेव. त्या बाईला उत्तर द्यायचंच असेल तर जपून, तिचा मेल दुसरं कोणी वाचत असेल असं धरून. तू एकटी रात्रभर समुपदेशन करत बसू नकोस, ते ऑफिसात दिवसा करतेसच.

नवऱ्याचं म्हणशील तर, तो बंद कर म्हणतो ते काळजीनं की कटकट नको म्हणून, हे तुझं तुला माहीत. काळजी असेल तर वाईटसाईट कमेंट आधी त्याला वाचू दे, तू वाचूच नकोस. बऱ्याच घरांत हे चालतं, आणि मग बंद कर म्हणणारा माणूसच कोणाला ब्लॉक करायचं याची यादी घेऊन बसतो.

बंद करायचा का, यावर मी हो किंवा नाही म्हणणार नाही. दोन महिने थांब, बंद झाला असं जाहीर बिहीर करू नकोस. तोवर त्या ताईंना भेटून आलेली असशील, मॅडमना ईमेल गेलेला असेल. मग बस लिहायला आणि बघ हात चालतो का. पहिली पोस्ट त्या चुकीबद्दल लिहावीशी वाटेल तुला, मला लिहिताना दिसतेयस तू. पण तीसुद्धा त्यांचीच गोष्ट आहे, त्यांना विचारल्याशिवाय नको.

भेट झाली की त्या काय म्हणाल्या ते मला कळव. म्हणजे, मला कळवलेलं त्यांना चालणार असेल तर.